बसलेला बैल आणि बाजीचा आवाज

लातुरात एप्रिल महिन्यात पंखा बंद करून खोलीत बसणं ही शिक्षाच, आणि आम्ही ती स्वखुशीनं भोगत होतो. पंखा चालू ठेवला की माइकमध्ये त्याची घरघर यायची. खिडकी उघडी ठेवली की पाण्याचे टँकर, भंगारवाला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे आणि गल्लीत कुठं ना कुठं चालू असलेलं बोअरचं मशीन, सगळं आत यायचं. म्हणून खिडक्या लावायच्या, दाराला गाद्या टेकवून उभ्या करायच्या आणि माइकसमोर डोक्यावरून गोधडी घेऊन बसायचं. गोधडीत माझी मैत्रीण बाजी असायची, बाहेर लॅपटॉप धरून मी. ती आतून मेसवाल्या काकांच्या घोगऱ्या आवाजात ओरडायची, "पोळ्या बघून घे रे, हितं काय तुझ्या बापाची गिरणी हाय का?" आणि मग स्वतःच्या आवाजात, "झालं का गं? जीव चाललाय माझा."

ॲनिमेशनची मालिका म्हणजे चित्रं काढणं, असं मला सुरुवातीला वाटायचं. ते खूळ लवकरच उतरलं. चित्र ओबडधोबड असलं तरी लोक चालवून घेतात. आवाज फाटका आला की पुढं बघतच नाहीत. आमचा पहिला भाग आम्ही तीनदा नव्यानं रेकॉर्ड केला तो एवढ्यासाठीच. तिसऱ्या वेळेला विनोद कुठं होता हेच आम्हा दोघींना कळेना. दमलेल्या माणसाला स्वतःचा विनोद ऐकवत नाही.

मी तशी चित्रकार वगैरे नाही. कोचिंग क्लासच्या नोट्ससाठी आकृत्या काढायचं काम करते. बेडकाचं हृदय, मूत्रपिंडातली नलिका, जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद. गाव औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा मी अंगणवाडीत जात होते. त्यानंतरची काही वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मदतीच्या सामानात कुणीतरी रंगीत खडूंच्या पेट्या पाठवल्या होत्या आणि शेडचा पत्रा गुळगुळीत होता. मी त्याच्यावर काढायला लागले. वडील, म्हणजे आमचे आण्णा, एसटीत कंडक्टर होते. ते ड्यूटीवरून आले की पत्र्यावरची चित्रं बघून म्हणायचे, "आज कोण कोण बसलंय गाडीत?"

मी शिकून कामाला लागेपर्यंत लातूर पार बदललं होतं. जो तो घरावर मजला चढवून पोरांना खोल्या भाड्यानं देत होता. खाली मेस, वर हॉस्टेल, समोर अभ्यासिका, आणि चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं यायची, त्यांच्या मागं आईबाप यायचे. जमिनीला हादरा बसला म्हणून ज्या गावाचं नाव सगळीकडं पोचलं होतं, तिथं आता लोक आपली पोरं आणून सोडत होते. मला ह्या गर्दीतच काम मिळालं, त्यामुळं तक्रार करायला तोंड नव्हतं.

बाजी त्याच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. मूळची नांदेडची. वडिलांचं शिवणकामाचं दुकान, घरात सगळे बोलके. आठवड्यातले काही दिवस ती लातुरात शिकवायची, बाकीचे नांदेडला, आणि मधल्या काळात अहमदपूरमार्गे एसटीत. वयानं माझ्यापेक्षा मोठी. क्लासमधल्या तरुण शिक्षिका तिला बाजी, म्हणजे उर्दूत मोठी बहीण, म्हणायच्या, तशी मीही म्हणायला लागले. आमची ओळख झाली ती बेडकावरून. मी काढलेली आकृती हातात धरून ती ऑफिसात आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या बेडकाच्या तोंडावर असे भाव कायकू आहेत?"

"कसले भाव?"

"ह्याला कळलंय की आपल्याला कापणार हाय."

मी बघितलं, तर खरंच तसे होते. मी हसायला लागले. तिला हसू आलं नाही. ती तशीच होती. दुसऱ्याला हसवताना तिचा चेहरा कोरा असायचा. नंतर मला कळलं की आवाजाच्या कामात हीच गोष्ट सगळ्यात अवघड असते, आणि तिला ती कुणी शिकवली नव्हती.

बैलाची कल्पनाही तिचीच. एक दिवस देवणीकडचा एक बाप ऑफिसात आला. पोरगं दोन दिवस क्लासला बसून गावाकडं पळून गेलं होतं. बाप बिचारा हात जोडून म्हणाला, "सर, पोरगं न्हाई म्हणून राहिलंय. आता प्रवेश तर झालाय. त्याच्या जागी घरातलं दुसरं कुणी बसवलं तर चालंल का?" बाजी मला बाहेर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मी विचारणारच होते, गोठ्यात कोण कोण हाय?"

त्या संध्याकाळी मी एका आकृतीच्या कोऱ्या जागेत देवणी बैल काढला. पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान, शांत डोळे, समोर बाक आणि बाकावर नोट्स. पळून गेलेल्या पोराच्या जागी बैल कोचिंगला बसलाय. सर शिकवतात, बैल रवंथ करतो, आणि परीक्षेत तो इतर पोरांपेक्षा फार मागं पडत नाही. बाजीनं ते चित्र बघून तिथल्या तिथं मेसवाले काका, वॉर्डन बाई, तावातावानं बोलणारे सर आणि रविवारी डबा घेऊन येणारा बाप, सगळ्यांचे आवाज काढून दाखवले. आम्ही तेव्हा फार खुशीत होतो. पुढं किती काम आहे ह्याचा अंदाज नसला की माणूस खुशीत असतो.

मी इंटरनेटवर बघून बघून ॲनिमेशन शिकले. माणसांचं जमलं. बैल चालेना. चार पायांचं जनावर चालवणं म्हणजे काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. मी औशाच्या बाजारात जाऊन जनावरांच्या चालण्याचे व्हिडिओ काढून आणले, एकेक पाऊल वेगळं काढलं, आठवडेच्या आठवडे त्यात घातले. शेवटी बाजीला दाखवलं. तिनं दोनदा बघितलं.

"हा चालून राहिलाय का जिना उतरून राहिलाय?"

मला रडू आलं. खरंच आलं. दिवसभर आकृत्या, त्यानंतर हे. मी लॅपटॉप मिटला. तिनं तो परत उघडला.

"बसव त्याला," ती म्हणाली.

"बसव म्हणजे?"

"दुपारचा बैल काय करतो? बसतो. तोंड हलवतो. बसव. चालूच नको देऊ."

मग आमचा बैल सगळ्या भागांत बसूनच राहिला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात कसा चढला हे आम्ही कधी सांगितलं नाही, आणि बघणारे सगळ्यात जास्त हसले ते त्यालाच. मी ज्या गोष्टीसाठी आठवडे घालवले होते ती फेकून दिल्यावर मालिका उभी राहिली. आता कुणी विचारलं तर मी हे शहाणपणाच्या सुरात सांगते; तेव्हा मात्र दोन दिवस मी बाजीशी नीट बोलले नव्हते.

भाग निघत गेले, आम्ही ते इंटरनेटवर टाकत गेलो. बघणारे थोडे होते, पण आमचे होते. कुणी लिहायचं, "ताई, हे तर आमच्याच मेसचे काका हायत." एका पोरानं लिहिलं होतं, "घरी फोन केला की रडू येतं, म्हणून हे बघतो." ते बाजीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "आता ह्याला दर आठवड्याला पाहिजे असंल. आपण कुठून देणार?" खरं होतं. दोन-तीन मिनिटांच्या एका भागाला आमचे दोन-दोन महिने जायचे.

पुण्याहून एका कंपनीच्या माणसाचा फोन आला तो ह्याच सुमारास. बोलायला चांगला होता. मालिका आवडली, फक्त भाषा जरा स्वच्छ करता येईल का, सगळ्या महाराष्ट्राला कळायला हवी, असं म्हणाला. आम्ही करून बघितलं. बाजी वर्गात बोलायची तसं नीटनेटकं मराठी बोलली. मेसवाले काका म्हणाले, "कृपया पोळ्या वाया घालवू नका." गोधडीतून ती बाहेर आली आणि म्हणाली, "हा माणूस मेस चालवून न्हाई राहिला, बँकेत हाय." आम्ही त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. त्यात बाणेदारपणा काही नव्हता. जुने भाग पुन्हा रेकॉर्ड करायचे म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तेवढी ताकद आमच्यात उरली नव्हती.

बाजीचा आवाज बसायला लागला होता. दिवसाला चार-चार बॅचेस, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून ओरडणं, दोन गावांतला प्रवास, आणि वर आमच्या गोधडीत मेसवाल्या काकांचं घोगरं ओरडणं. सकाळी तिचा घसा उघडायला वेळ लागायचा. मी म्हणायचे, दाखवून घे. ती म्हणायची, पोरांची परीक्षा होऊ दे.

अशातच मी भूकंपाचा भाग लिहिला. भूकंप असा नाही. हॉस्टेलशेजारी बोअर पाडताना इमारत हादरते, आणि पोरांना भेटायला आलेले आईबाप भूकंप झाला समजून हाताला येईल ते घेऊन पळत सुटतात. बैल तेवढा बसून असतो. ह्यातला डबा घेऊन येणारा बाप पोराला खोलीत सोडून उशी घेऊन पळतो. हे मी आण्णांचंच उचललं होतं. आण्णा आयुष्यभर हा किस्सा सांगत आले. चालत्या गाडीत सांगायचे, लग्नाकार्यात सांगायचे. "भूकंप झाला तवा मी काय उचलून पळालो? उशी! पोरगी आत, उशी भाईर. हिची आई पोरगी घेऊन मागून आली आन उशीकडं बोट करून म्हणली, ह्या लेकीचं बारसं कधी करायचं?" इथं सगळे हसायचे. आई होती तोवर तीही हसायची.

बाजीनं लिहिलेलं वाचलं आणि मान हलवली. घशाकडं बोट दाखवून कुजबुजली, "बापाचा आवाज दुसऱ्या कुणाचा घे. माझ्यानं न्हाई होणार."

मी आण्णांना फोन लावला. ते निवृत्त होऊन गावी एकटेच राहत होते. "माझाच किस्सा आन मीच बोलायचं? येतो की," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं इस्त्रीचा सदरा घालून आले. बाजी त्यांना आदरानं सलाम करून बाजूला बसली. आम्ही त्यांना गोधडीत बसवलं. त्यांनी कागदावरची वाक्यं वाचली. वाचल्यासारखीच वाटली.

"आण्णा, नेहमी सांगता तसं सांगा," मी म्हणाले.

"नेहमी समोर माणसं असतात. हितं गोधडीत कुणाला सांगू?"

बाजी उठली, गोधडीचं टोक वर करून त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. आवाज जवळजवळ नव्हताच तिला. "मला सांगा, आण्णा," ती म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली. गाडीतल्यासारखीच केली. उशीपर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, विसरले. मी बाहेरून कागद पुढं सरकवणार होते, तेवढ्यात ते परत बोलायला लागले, पण आवाज खाली आला होता.

"मला वाटलं, तीच हाय हातात. अंधार होता ना. मी थोपटत होतो तिला. उगी, उगी, म्हणून राहिलो होतो. ती रडंना, म्हणून मला बरं वाटलं. म्हणलं, झोपली. माझ्या भावाचं घर शेजारी होतं. त्याची भिंत आली खाली, तो आवाज मी ऐकला. आन मी उशी थोपटत उभा होतो."

माझ्यासमोर लॅपटॉपवर आवाजाची रेघ सपाट झाली होती. माझे काका, काकू आणि त्यांची मुलगी त्या घराखाली दबून गेले, हे मला माहीत होतं. आमच्या घरी ते सगळ्यांना माहीत होतं, त्यावर बोलणं होत नव्हतं. उशीचा किस्साही माहीत होता. ह्या दोन गोष्टी एकाच वेळच्या आहेत, एकाच अंगणातल्या आहेत, हे मात्र माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी तो किस्सा हसत हसत मोठी झाले होते.

आण्णा गोधडीतून बाहेर आले. घामानं सदरा भिजला होता. बाजीनं पंखा लावला, पाणी दिलं. ते सावकाश प्याले आणि मला म्हणाले, "भरलं का ते?"

"हाव."

"नको ठिवू. परत करू. हे हसायचं हाय ना तुमचं?"

"आण्णा, राहू द्या आज. नंतर बघू."

"नंतर कशाला? आलोय तर करतो. रडायला लोकांच्या घरी जागा हाय, त्यासाठी तुमचा बैल कशाला बघतील?"

आम्ही पंखा पुन्हा बंद केला. ह्या वेळेला त्यांनी असं काही सांगितलं की बाजीला तोंडावर ओढणी दाबून धरावी लागली. कंडक्टरचा तो जुना, मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज. शेवटचं बारशाचं वाक्य त्यांनी आईच्या सुरात म्हटलं, अगदी तिच्यासारखं. मी तोच टेक, म्हणजे हे दुसरं रेकॉर्डिंग, वापरलं. चित्रं काढताना मी फक्त एक भर घातली. बाहेर आल्यावर तो बाप उशी थोपटत उभा असतो, थोडा वेळ, काही न बोलता. मग पुढचा विनोद.

तो भाग आमच्या बाकी कुठल्याही भागापेक्षा जास्त बघितला गेला. बहुतेक लोक हसले. पण भूकंपात आपल्या घरी कुणी काय उचललं ते खाली लिहायला लागले, कुणी विचारलं नव्हतं तरी. "माझी आजी दळणाचा डबा घेऊन पळाली होती." "आमच्या वडिलांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ होतं." "मी एक चप्पल घेऊन उभी होते आणि दुसरी कुठं गेली म्हणून रडत होते." एका बाईनं लिहिलं, "आमच्या बाबांनी कोंबडी आणली, धाकटा भाऊ राहिला." तिच्या खाली कुणी काही लिहिलं नव्हतं, हसणारी चित्रंही टाकली नव्हती. आण्णा फोन करून रोज ते वाचून घ्यायचे. मी त्या बाईचंही वाचलं. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "तिला लिही काहीतरी." मी लिहिलं, "वाचलं ताई." ह्यापेक्षा चांगलं सुचलं नाही. विनोद करायला बसलेल्या माणसाकडं लोक हे घेऊन येतील, ह्याची तयारी आम्ही केली नव्हती.

परीक्षा झाल्यावर बाजी नांदेडला डॉक्टरकडं गेली. स्वरयंत्रावर गाठी निघाल्या. घाबरण्यासारख्या नव्हत्या, पण काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, आणि नंतरही आवाज जपून वापरायचा, असं सांगितलं. मी भेटायला गेले. ती घरात सगळ्यांमध्ये गप्प बसली होती आणि तिच्या अम्मी तिच्या वाटचं बोलत होत्या. "आमची ही पोर गप बसलेली मी पहिल्यांदा बघून राहिले," त्या मला म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. बाजीनं मोबाइलवर लिहून मला दाखवलं: आवाज एकच आहे. शिकवायला लागेल. मी मान डोलावली. तिच्यावर घर होतं. ह्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

मी नाटकात काम करणाऱ्या नांदेडच्याच एका मुलाकडून पुढचा भाग करून घेतला. त्यानं सगळं नीट केलं. उच्चार नीट, वेळ नीट. तो स्वतःच्या विनोदाला किंचित हसत होता, ते आवाजात कळत होतं. मी दोनदा सांगितलं, त्यानं दोनदा सुधारलं, आणि तरीही ते राहिलंच. अर्धा भाग काढून झाल्यावर मी थांबले. थांबलो असं कुठं जाहीर केलं नाही. काही दिवस पोरं विचारत राहिली, ताई, बैल कुठाय? मग ती पोरं परीक्षा देऊन लातूर सोडून गेली. नवी आली, त्यांना बैल माहीत नव्हता.

मागच्या वर्षी नांदेडच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. स्वतःची मालिका करताना काय शिकलात, ते मुलांना सांगा म्हणाले. जाण्याआधी मी बाजीला फोन केला आणि विचारलं, काय सांगू? तिचा आवाज आता खाली गेलाय, मधेच चिरकतो.

"सांग, पाणी पीत जावा," ती म्हणाली.

मी ते सांगितलं. जनावराला चालवत बसू नका, विनोद समजावून सांगू नका, आवाजाला चित्राइतकाच वेळ द्या, हेही सांगितलं. मुलं लिहून घेत होती. आण्णांच्या पहिल्या टेकबद्दल मी बोलले नाही. एका मुलीनं विचारलं की पुन्हा कराल का. मी म्हणाले, सध्या नाही, आणि ती अजून काहीतरी येईल म्हणून माझ्याकडं बघत राहिली.

तिथून मी बाजीच्या नांदेडच्या क्लासवर गेले. तिची बॅच चालू होती. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिनं ओढणीला छोटा माइक लावला होता आणि ती हळू, सपाट आवाजात झाडाच्या मुळातलं पाणी वर कसं चढतं ते शिकवत होती. कुणाची नक्कल नाही, काही नाही. पोरं एकदम शांत बसून ऐकत होती, कारण जरा आवाज झाला की तिचं बोलणं हरवत होतं. तिनं मला बघितलं आणि हातानंच थांब म्हणून खुणावलं. मी बराच वेळ थांबले. पण पुढची बॅच दारात येऊन उभी राहिली होती आणि माझी अहमदपूरमार्गे लातूरला जाणारी गाडी सुटायची वेळ झाली होती. मी तिला लांबूनच हात केला आणि निघाले.